तलाव सरकारजमा झाले, त्यानंतर

भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, १९५० साली, तिथल्या विधानसभेने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपवणारा कायदा केला. ३१ मार्च १९५१ला मालगुजारांचे गावांवरचे हक्क सरकारकडे आले आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलावही सरकारजमा झाले. ज्या तलावावर मालगुजाराखेरीज कुणाचाच ओलिताचा हक्क नव्हता, असे काही त्याच्याकडे राहू शकले. गावाचा हक्क असलेले मात्र गेले. म्हणजे जे खऱ्या अर्थाने सामाईक होते, नेमके तेच सरकारी झाले. स्वतंत्र देशाच्या कायद्याने मालक बदलला, पण तलाव ज्या व्यवस्थेवर चालत होता तिची दखल घेतली नाही, असे माझे म्हणणे आहे.

ती व्यवस्था बारीकसारीक कामांची होती. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तलावाच्या पाळीवर (बांधावर) माती टाकायची, पाट मोकळे करायचे. पावसाने दडी मारली आणि धान निसवायला आला, की कोणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात) आधी पाणी सोडायचे हे ठरवायचे. तिथे आठवडाभराचा उशीरही पीक घालवतो. ही कामे सरकारी खात्यांकडे गेली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. पुढे पाणीपट्टी आली, तेव्हा निस्तार हक्काने, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्काने, फुकट मिळणाऱ्या पाण्याचे पैसे कशाला, असे शेतकरी विचारू लागले. प्रश्न रास्त होता. भंडारा महाराष्ट्रात आल्यावर १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कांच्या व वहिवाटींच्या नोंदी टिकल्या खऱ्या, पण कलम १६५ची मेख अशी, की मासेमारीची वहिवाट नोंदवायची ती सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्याची. तलाव आधीच सरकारचा झाला असेल, तर मासेमारीवर जगणाऱ्या ढिवराच्या वहिवाटीची नोंद करायची कुठे?

यावर कोणी म्हणेल, ही मालगुजारीची हळहळ आहे. तसे नाही. पाळ उभी राहिली त्यात वेठबिगारीचाही घाम होता, आणि पाण्याच्या वाटपात जात व मालकी दोन्ही बोलत. कायदा हवाच होता. तलाव गाळाने, बेशरमाच्या झुडपांनी आणि अतिक्रमणाने भरले, त्याचा सगळा दोष १९५०च्या कायद्यावर टाकणेही बरोबर नाही. पण मालगुजारी गेल्यावर गावाच्या हाती कारभार द्यायचा पर्याय होता. त्याऐवजी तो कचेरीत नेला गेला. महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा यायला २००५ साल उजाडले. नुसता कायदा पुरत नाही, हे तोवर नवे नव्हते: कायद्याने विकास घडवू पाहणाऱ्या अमेरिकी प्रयोगांचा भ्रमनिरास ट्रुबेक आणि गॅलंटर या अभ्यासकांनी १९७४मध्येच लिहून ठेवला होता. आपल्याकडे त्यानंतरही मोठी धरणे जुन्याच कलमांवर उभी राहत गेली.

गोसीखुर्द त्याचे ठळक उदाहरण. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. मालगुजार हटवणाऱ्या देशाने भूसंपादनासाठी मात्र इंग्रजांचा १८९४चा कायदाच वापरला. त्यात मोबदला सातबाऱ्याला. नदीवर जगणाऱ्या ढिवराचे तिथे नावच नव्हते. पुनर्वसनासाठी राज्याचे स्वतःचे कायदे होते, हा आक्षेप खरा, पण त्यांचाही हिशेब मुख्यतः जमीन आणि घर यांच्याभोवतीच फिरे. मच्छीमार आणि नावाडी कुटुंबांना ‘बाधित’ मानणारा केंद्रीय कायदा २०१३चा, लागू १ जानेवारी २०१४पासून. तोवर गोसीत पाणी अडू लागले होते.