प्रत्याभरण : पाण्याची टाकी, लोकल आणि रुग्णशरीर

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील गृहसंकुलांत महापालिकेचे पाणी ज्या टाकीत येते, तीत बहुधा एक तरंगता गोळा असतो. पाणी चढले की गोळा वर उचलला जाऊन झडप मिटते. पाणी उतरले की ती उघडते. क्रियेचा परिणामच परतून त्या क्रियेचे नियमन करतो. यास ‘फीडबॅक’ म्हणतात. आपण प्रत्याभरण म्हणू. परिणाम मूळ क्रियेस आवर घालतो तेव्हा ते ऋण प्रत्याभरण होय. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनास जोडलेला गतिनियंत्रक याच जातीचा.

याउलट, सकाळी डोंबिवलीस लोकल उशिरा आली की तेवढ्या वेळात फलाटावर आणखी प्रवासी जमतात, चढण्यास अधिक वेळ लागतो, गाडी अधिकच रखडते आणि पुढील स्थानकात गर्दी आणखी वाढलेली असते. येथे परिणाम कारणास बळ देतो. हे धन प्रत्याभरण. ‘धन’ म्हणजे हितकर आणि ‘ऋण’ म्हणजे अहितकर, असा अर्थ मात्र घेऊ नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात आलेला सामान्य-विशेष सिद्धांत येथे आपणांस सहज आठवेल. समान द्रव्यगुणकर्मांनी वृद्धी व विरुद्धांनी ऱ्हास होतो, हे त्याचे सार. परंतु दोन्ही कल्पना एकच नव्हेत. तो सिद्धांत योजलेल्या भावाचा शरीरावरील परिणाम सांगतो. प्रत्याभरण त्या परिणामाचे कारणाकडे परतणे सांगते. हे परतणे दुर्लक्षिले तर चिकित्सेत अनर्थ ओढवतो. स्टेरॉइडचे उदाहरण पाहू.

मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीस व ती अधिवृक्क ग्रंथीस चेतविते. अधिवृक्कातून कॉर्टिसॉल स्रवते. रक्तात ते पुरेसे झाले की वरच्या दोन्ही केंद्रांची चेतना मंदावते. टाकीतील गोळ्याचेच हे कार्य. श्वास किंवा आमवातासाठी रुग्ण काही आठवडे प्रेडनिसोलोन घेतो तेव्हा शरीरास टाकी भरलेलीच भासते. चेतना थांबते आणि अधिवृक्क ग्रंथी क्षीण होते. अशा वेळी औषध एकाएकी बंद केल्यास टाकी रिकामी होते, पण झडप लगेच उघडत नाही. ग्रंथीस सावरण्यास कधी कधी कित्येक महिने लागतात. अतिदौर्बल्य, वांती, रक्तदाब घसरणे ही लक्षणे उद्भवतात. ज्वर वा शस्त्रकर्माच्या प्रसंगी प्राणावरही बेतू शकते.

‘आता सर्व गोळ्या सोडून आयुर्वेदच घ्यायचा आहे’ असे म्हणत येणारा रुग्ण आपणांस नवा नाही. त्याच्या विश्वासाने सुखावण्यापूर्वी स्टेरॉइड किती काळ व किती मात्रेत घेतले, हे विचारावे. लेबल नसलेल्या पुड्यांचीही चौकशी करावी; त्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे. औषध कमी करणे ते देणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावे.

सात्म्य झालेले अपथ्यही एकदम न सोडता पादांशिक क्रमाने सोडावे, अन्यथा रोग उद्भवतात, असे चरक व वाग्भट सांगतात. तो क्रम म्हणजे स्टेरॉइडच्या मात्रेचे कोष्टक नव्हे. परंतु सवयीचे झालेले द्रव्य शरीराच्या व्यवस्थेचाच भाग बनते, ही त्यामागील दृष्टी आपण विसरू नये, असे आम्हांस वाटते.