कपाटाएवढा गेम कॅसेटीत कसा मावला?

कुहीतल्या पोट्टेहो, आज संध्याकाळी एक काम करा. आई-बाबांना, काकांना नाहीतर मामाला गाठा आणि विचारा, "कॉन्ट्रामध्ये तीस लाइफ कशा मिळवायच्या?" काल डब्यात कोणती भाजी नेली होती हे ज्यांना आठवत नाही, तेसुद्धा पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणतील : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए! आणि मग त्यांचा अंगठा हवेतच नाचायला लागेल.

हा मंत्र एका जपानी माणसानं स्वतःची सोय म्हणून बनवला. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी एक कोडं सोडवू.

साधारण १९९० नंतरची काही वर्षं आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जोरात होते. मीडिया, समुराई अशी त्यांची नावं. प्लास्टिकचा एक डबा, दोन रिमोट आणि वरून खुपसायची कॅसेट. यातले बहुतेक डबे म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होती. अस्सल फॅमिकॉम मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या चमूनं बनवला आणि १५ जुलै १९८३ ला तो जपानच्या दुकानांत आला. कॅसेटीवर '९९९९ इन १' असं काहीतरी छापलेलं असायचं. प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस गेम नाव आणि पातळी बदलून परत परत यायचे. ही लबाडी पोरांना पहिल्याच दिवशी कळायची, तरी प्रत्येक पोरगा यादीच्या तळापर्यंत जाऊन बघायचाच.

याच काळात नागपूरला गेलं की व्हिडिओ गेमच्या दुकानात उभ्या कपाटाएवढी यंत्रं दिसायची. नाणं टाकायचं, दांडा धरायचा, हरलं की दुसरं नाणं. या यंत्रांना आर्केड म्हणतात. आता कोडं असं : मारिओ, कॉन्ट्रा, पॅक-मॅन, रोड फायटर, सर्कशीतल्या सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उडी मारणारा चार्ली, हे गेम कपाटातही होते आणि घरच्या कॅसेटीतही होते. कपाटात भलंमोठं सर्किट, घरच्या डब्यात मोजून काही चिप. मग तोच गेम इथे आला कसा?

कॉपी-पेस्ट करून? छे. आपल्या कुहीवरून जाणारी नागपूर–नागभीड छोटी लाईन आठवते का? घरच्या मोठ्यांना नक्की आठवेल. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनीसाठी ते १६७६ मिलिमीटर लागतं, म्हणून २०१९ मध्ये छोटी गाडी बंद करून सगळा मार्ग नव्यानं घालायला घेतला. जुना डबा उचलून नव्या रुळांवर ठेवता येत नाही ना! गेमचंही तसंच, फक्त उलट्या दिशेनं : मोठ्या यंत्रातला गेम छोट्या रुळांवर आणायचा. 'डाँकी काँग' हा १९८१ चा आर्केड गेम झेड-८० नावाच्या प्रोसेसरवर चालायचा. फॅमिकॉमचा प्रोसेसर वेगळ्याच घराण्यातला, ६५०२ जातीचा. एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत. त्यामुळे कोणीतरी आर्केडचा गेम खेळून, बघून, मोजून तो सगळा पुन्हा लिहायचा. अशा नव्यानं लिहिलेल्या गेमला रूपांतर म्हणू या.

पहिली अडचण तर पडद्याचीच होती. डाँकी काँगच्या कपाटात टीव्हीची काच चक्क आडवी न ठेवता उभी बसवलेली होती. चित्र रुंदीला २२४ ठिपके आणि उंचीला २५६. घरचा टीव्ही उभा करून कोण बघणार? फॅमिकॉमचं चित्र २५६ रुंद आणि २४० उंच. पॅक-मॅनमध्ये तर गंमतच झाली. त्याचा चक्रव्यूह ८ ठिपक्यांच्या चौकोनांनी बनलेला, उंचीला असे ३१ चौकोन. गुणाकार करा : ३१ गुणिले ८ म्हणजे २४८. पडदा २४० चा! म्हणजे नुसता चक्रव्यूहच मावत नाही, गुण दाखवायची जागा तर दूरच. मग १९८४ च्या फॅमिकॉम रूपांतरात प्रोग्रामरनी चक्रव्यूह आकसवला आणि गुणांची पाटी उजव्या हाताला सरकवली. उंचीत तोटा झाला, तो रुंदीत भरून काढला.

डाँकी काँगला मात्र एक पूर्ण मजला गमवावा लागला. आर्केडमध्ये चार टप्पे : २५, ५०, ७५ आणि १०० मीटर. पन्नास मीटरवाला, सरकत्या पट्ट्यांचा टप्पा फॅमिकॉममध्ये नाहीच. सगळा गेम २४ किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आईच्या मोबाईलमधला एक फोटो समजा २ एमबीचा असला, तर त्या एका फोटोच्या जागेत असे ऐंशीहून जास्त डाँकी काँग मावतील. तरीही मला विचाराल तर हे रूपांतर पहिल्या नंबरात बसतं, कारण उडी मारण्यातली मजा, पिंपांचा घरंगळण्याचा वेग, शिडीवर मध्येच अडकल्यावरची धडधड, हे सगळं जसंच्या तसं उतरलंय. खेळणाऱ्या पोराला तो मजला आठवतही नाही. तो मजला निन्टेंडोनं २०१० मध्ये युरोपातल्या एका खास आवृत्तीत परत बसवला. सत्तावीस वर्षं उशीर!

आता जरा वही-पेन्सिल घ्या, कारण खरी जादू पुढे आहे.

फॅमिकॉमचं चित्र २५६ गुणिले २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चारपैकी एक रंग द्यायचा म्हटलं, तरी १५,३६० बाइट लागतात. आणि या यंत्राकडे चित्रासाठी किती जागा होती? २,०४८ बाइट. सातव्या भागाएवढीसुद्धा नाही! मग चित्र दिसतं कसं?

यंत्र ठिपके लक्षात ठेवतच नाही. कॅसेटीच्या चिपमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या टाइल तयार असतात : विटेचा कोपरा, ढगाचा तुकडा, गवताचं टोक. प्रत्येक टाइलला नंबर. पडद्यावर अशा ३२ टाइल आडव्या आणि ३० उभ्या, म्हणजे ९६०. यंत्र फक्त एवढंच लिहून ठेवतं की कोणत्या जागी कितव्या नंबरची टाइल. झाले ९६० बाइट. रंगांसाठी आणखी ६४. बेरीज करा. बरोबर १,०२४, म्हणजे काटेकोर एक किलोबाइट! उरलेल्या एक किलोबाइटमध्ये शेजारचा दुसरा पडदा तयार ठेवता येतो, म्हणून तर मारिओ पळताना पुढचा रस्ता न अडखळता सरकत येतो.

एकच टाइल हवी तितक्या वेळा वापरता येते. 'सुपर मारिओ' नीट बघा. वरचा पांढरा ढग आणि खालचं हिरवं झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय! कित्येक जण वर्षानुवर्षं खेळले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

पळणाऱ्या, उडणाऱ्या गोष्टींची सोय मात्र वेगळी असते. त्यांना स्प्राइट म्हणतात आणि त्यांच्यावर एक कडक नियम आहे. टीव्ही चित्र आडव्या रेघांनी रंगवतो. एका रेघेवर जास्तीत जास्त ८ स्प्राइट. नववा आला की तो दिसतच नाही. त्यातून एक स्प्राइट फक्त ८ ठिपके रुंद, म्हणजे मारिओएवढा माणूस एका रेघेवर दोन स्प्राइट खातो. असे चार जण शेजारी उभे राहिले की कोटा संपला.

पण कॉन्ट्रात तर गोळ्यांचा पाऊस पडायचा! तिथे प्रोग्रामरनी चलाखी केली. दर चित्राला ते स्प्राइटचा क्रम बदलायचे. या वेळी ही गोळी गायब, पुढच्या वेळी ती. सेकंदाला ६० चित्रं, त्यामुळे डोळ्याला सगळ्याच गोळ्या दिसतात, फक्त किंचित लुकलुकतात. आठवून बघायला सांगा मोठ्यांना : गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची आणि शेजारचा मित्र हमखास ओरडायचा, "काहून बे, कॅसेट फुंक ना!" बिचाऱ्या कॅसेटीचा काही दोष नव्हता. गेम सुरूच झाला नाही तर फुंकल्यावर चालू व्हायचा, हे खरं. पण काम फुंकरीनं होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की तिच्या धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट त्या पट्ट्या खराब व्हायच्या.

हाच आठांचा नियम मनात ठेवून 'डबल ड्रॅगन' बघा. १९८७ च्या आर्केडमध्ये बिली आणि जिमी हे दोघे भाऊ शेजारी उभे राहून गुंडांच्या टोळीला बडवतात. घरच्या १९८८ च्या रूपांतरात गुंड एका वेळी दोनच येतात आणि दुसरा भाऊ शेजारी लढायला नाही. दोघांनी पाळीपाळीनं खेळायचं. शेजारी रिमोट धरून बसलेल्या धाकट्या बहिणीला हे कसं समजावणार? लोक या रूपांतराचं फार कौतुक करतात. माझं मन अजून मोडलेलंच आहे.

याहून वाईट हाल अमेरिकेतल्या अटारी २६०० या घरच्या यंत्राचे झाले. त्याच्यात खेळ चालताना लक्षात ठेवायला जागा १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, नुसते बाइट! देवनागरीचं एक चिन्ह संगणकात साधारण ३ बाइट घेतं, म्हणजे कानामात्रे धरून जेमतेम ४२ चिन्हं. तुम्ही आत्ता वाचताय ते हे वाक्यसुद्धा त्यात पूर्ण मावणार नाही. तरी १९८२ मध्ये त्यावर पॅक-मॅन बसवला. त्यातली भुतं इतकी लुकलुकायची की ती खरोखरच भुतं वाटत. कॅसेटी लाखांनी खपल्या, पण त्याहून जास्त बनवल्या होत्या. उरलेल्या मालापैकी काही न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला गेला आणि २०१४ मध्ये लोकांनी तो चक्क खणून काढला.

आता तो मंत्र. 'ग्रॅडियस' नावाचा विमानाचा आर्केड गेम कोनामी कंपनीनं १९८५ मध्ये काढला. पुढच्या वर्षी फॅमिकॉमसाठी त्याचं रूपांतर करायचं काम काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे आलं. गेम तपासायचा म्हणजे शेवटपर्यंत खेळायला हवा आणि गेम इतका अवघड, की त्यांना स्वतःलाच तो जमेना! मग त्यांनी एक चोरवाट ठेवली. ठरावीक बटणं ठरावीक क्रमानं दाबली की विमानाला सगळी शस्त्रं एकदम मिळायची. तीच बटणं नंतर कोनामीच्या दुसऱ्या गेममध्ये गेली आणि कॉन्ट्रामध्ये तीनच्या जागी तीस लाइफ द्यायला लागली. इंटरनेट नसताना हा मंत्र जपानहून आपल्या गल्ल्यांपर्यंत तोंडातोंडी पोचला. डावं आधी की उजवं आधी, यावरून भांडणंही झाली.

कॉन्ट्राबद्दल माझं मत ठाम आहे : घरचा कॉन्ट्रा आर्केडपेक्षा सरस. १९८७ चं आर्केडही उभ्या पडद्याचं होतं. १९८८ च्या रूपांतरात पडदा आडवा झाला आणि समोरून कोण येतंय ते लांबून दिसायला लागलं. आर्केडमधले शेवटचे टप्पे भरभर संपतात. घरच्या गेममध्ये बर्फाचा प्रदेश वगैरे वेगळे, ऐसपैस टप्पे केले. आर्केडला तुमचं नाणं लवकर संपायला हवं असतं. घरी एकदा कॅसेट घेतली की पोराला ती महिनाभर पुरायला हवी. 'बॅटल सिटी', म्हणजे आपला रणगाड्यांचा गेम, असाच. १९८० च्या 'टँक बटालियन' या आर्केडवरून नाम्को कंपनीनं तो १९८५ मध्ये घरासाठी फुलवला. ३५ टप्पे, दोघांनी मिळून खेळायची सोय आणि वर स्वतःचा नकाशा बांधायची मुभा!

या गेममध्ये एका गोष्टीवर मात्र इलाज नव्हता. चौतिसाव्या टप्प्यावर पोचलात आणि लाईन गेली, तर सगळं पाण्यात. गेम कॅसेटीच्या कायमच्या चिपमध्ये सुखरूप असायचा, पण तुमचे गुण आणि लाइफ मात्र वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या २ किलोबाइटच्या तात्पुरत्या स्मृतीत.

आणि ज्याचं रूपांतर कधी झालंच नाही, असाही एक आर्केड गेम आहे. आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या एका खेळाडूचं नाव. एकाच वेळी तिघे खेळायचे, प्रत्येक जण पडद्यावर धिप्पाड. आठांच्या नियमात त्यांना बसवून बघा, म्हणजे फॅमिकॉमची पंचाईत कळेल. पण त्या वेळच्या ताकदवान यंत्रांवरही तो घरी आला नाही. तो खेळायचा तर दुकानच गाठावं लागे.

आता तुमची पाळी. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकटी आखा. त्यात एक माणूस काढायचा, फक्त तीन रंगांत, प्रत्येक चौकट एकतर पूर्ण रंगवायची नाहीतर रिकामी सोडायची. लगेच कळेल की तोंड आणि नाक वेगळं दाखवता येत नाही आणि केस तर मुळीच जमत नाहीत. मारिओ घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनाही हीच अडचण आली, म्हणून त्यांनी मारिओला मिशा दिल्या आणि डोक्यावर टोपी घातली. तुम्ही आजोबांपासून सुरुवात करा, फेटा आणि मिशा दोन्ही आयतं मिळेल. आजी काढायची असेल, तर पदर डोक्यावरून घ्या. ते जमलं की त्याच आजीचं चालतानाचं दुसरं चित्र काढा, पण पाय सोडून एकही चौकट बदलायची नाही.