हिंगोलीच्या उन्हात टिकणारा रंग

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत रेडियमचं दुकान कुणालाही विचारा, लगेच दाखवतील. काचेवरचं ‘नागनाथ प्रसन्न’, ट्रॅक्टरच्या बोनेटवरची मुलांची नावं, बुलेटच्या टाकीवरची पट्टी, सगळं तिथेच होतं. दुकानातल्या प्लॉटरचं बारीक पातं रंगीत फिल्म कापतं आणि खालचा कागद शाबूत ठेवतं. नको असलेला भाग कारागीर सुईच्या टोकानं उचलून टाकतो आणि उरलेली अक्षरं गाडीवर चढतात. हात स्थिर हवा आणि नजर पक्की हवी. या कामाला मी मनापासून कारागिरी मानतो.

अख्ख्या गाडीला फिल्म चढवणं, म्हणजे रॅप करणं, हा याच कारागिरीचा पुढचा टप्पा. आपल्याकडे सुरुवात बहुधा छतापासून होते. पांढऱ्या गाडीचं छत काळं करतात, मग ग्रिलचा क्रोम झाकतात, आणि मग एके दिवशी पूर्ण गाडीच बदलायची इच्छा होते. चारचाकी घेऊन तरुण नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरतो. खिशातल्या मोबाईलमध्ये एक फोटो असतो आणि ‘असाच रंग पाहिजे’ एवढंच त्याचं मागणं असतं. तो फोटो कुठल्या उजेडात काढलाय, ती गाडी कुठल्या हवेत फिरते, हे त्यात दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की हिंगोलीत रंग शेवटी ठरवावा. आधी फिल्मची जात पाहावी, मग तिचा पोत.

ही फिल्म म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी. हे कडक प्लास्टिक लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन यांना १९२६ च्या सुमारास सापडली. आज थ्रीएम, एव्हरी डेनिसन, जर्मनीची ओराफोल, फ्रान्सची हेक्सिस या कंपन्या गाड्यांसाठी खास फिल्म बनवतात. पण नाव मोठं असलं तरी प्रत्येक कंपनीत दोन जाती असतात, कॅलेंडर्ड आणि कास्ट. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रुळांमधून पोळीसारखी लाटली जाते, तर कास्ट फिल्म तव्यावर धिरडं ओतावं तशी पातळ ओतून भट्टीत वाळवली जाते. लाटलेल्या फिल्मच्या अंगात ताण राहतो. ऊन लागलं की ती आक्रसायला पाहते आणि कडा सुटतात. ओतलेल्या फिल्ममध्ये तसा ताण जवळपास नसतो. ती पातळही असते, साधारण ५० मायक्रॉन, म्हणून बंपरच्या वळणात आणि आरशाच्या गोलाईवर नीट बसते. सपाट पट्टीला, अक्षरांना कॅलेंडर्ड चालते. अख्ख्या गाडीला कास्टच हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तापलेला पत्रा त्याहून कितीतरी गरम होतो. इथे स्वस्त फिल्मनं वाचवलेले पैसे दोन उन्हाळ्यांत अंगाशी येतात.

आता पोत. ग्लॉस म्हणजे चकचकीत, मॅट म्हणजे चमक नसलेला, आणि दोन्हींच्या मधला सॅटिन. शिवाय मेटॅलिक, मोत्यासारखा पर्ल, बघणाऱ्याच्या जागेनुसार बदलणारे दुरंगी, कार्बन फायबरच्या विणीचे, घासलेल्या धातूसारखे ब्रश्ड आणि आरशासारखा क्रोम. यातला प्रत्येक पोत गाडीचा आकार वेगळ्या तऱ्हेनं दाखवतो. ग्लॉसवर आकाश उमटतं, त्यामुळे पत्र्याची कड धारदार दिसते. पण पत्र्यावरचा पोचाही तेवढाच ठळक होतो. मॅट उजेड पसरवून टाकतो. पोचे दबतात, गाडी जड आणि ठाशीव वाटते, मात्र नाजूक रेषा हरवतात. सॅटिनमध्ये उजेड रेषेवरून हळुवार सरकतो आणि अंगाची घडण कळते. बोलेरोसारख्या उभ्या, सपाट गाडीला किंवा थारला सॅटिन जितका शोभतो, तितका दुसरा कुठलाच पोत शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे. उतरत्या छताच्या सेडानला ग्लॉस द्यावा. क्रोम मात्र कुणालाच सुचवणार नाही. तो महाग, लावायला अवघड, समोरच्या चालकाच्या डोळ्यांत ऊन फेकणारा, आणि कंपन्या त्याच्या टिकण्याची हमीही सर्वांत कमी काळाची देतात.

मॅटबद्दल तरुणांना फार ओढ आहे, म्हणून थोडं जास्त सांगतो. मॅटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. चमक त्यामुळेच मरते, आणि धूळही त्यामुळेच अडकते. काळ्या रानातला फुफाटा, हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यात उडणारी पिवळी पूड, रात्रीच्या प्रवासात बंपरवर चिकटलेले किडे, हे सगळं त्याच्यावर बसतं. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं, तर घासलेली जागा चमकू लागते आणि मॅटवर आलेली चमक परत जात नाही. मेण किंवा पॉलिश तर लावायचंच नाही. भरपूर पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ कापड, एवढंच. ज्याच्या घरी उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण आहे, त्यानं मॅट घेण्याआधी हा विचार करावा. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा कडेजवळ नेऊ देऊ नये, कुठल्याही पोताची कड त्यानं उचलली जाते. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी धुवावी.

उन्हाचा हिशोबही रंगात धरावा लागतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २०११ मध्ये एकाच मॉडेलच्या काळ्या आणि रुपेरी अशा दोन गाड्या उन्हात उभ्या करून मापं घेतली. रुपेरी गाडीचं छत काळ्या गाडीच्या छतापेक्षा २५ अंशांपर्यंत थंड निघालं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली. हिंगोलीत बाजारासमोर दुपारभर गाडी उभी करणाऱ्यानं छत काळं करण्याआधी हा आकडा आठवावा. काळं बोनेट आणि छत आधी म्हातारं होतं ते यामुळेच. उभ्या दारांपेक्षा आडव्या भागांवर ऊन थेट पडतं, आणि कंपन्याही आडव्या भागांची हमी कमी ठेवतात. फ्लोरोसंट रंग सर्वांत लवकर उडतात. लाल आणि नारिंगीतले बरेच रंगही उन्हाला कच्चे असतात.

आपल्याकडे बहुतेक गाड्या पांढऱ्या, त्यामुळे आणखी एक प्रश्न येतो. दार उघडलं की चौकटीचा मूळ रंग दिसतो. गडद निळ्या गाडीच्या दारामागे पांढरी चौकट डोळ्याला खुपते. आतून फिल्म लावता येते, पण वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात, आणि दाराच्या घर्षणानं ती सुटते. म्हणून पांढऱ्या गाडीला राखाडी, हस्तिदंती, वाळूचा असे जवळचे फिकट रंग चांगले. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंगाचा नियम आला. आज तिथले कितीतरी टॅक्सीमालक वेगळ्या रंगाची गाडी घेऊन तिला हस्तिदंती फिल्म लावतात आणि विकताना फिल्म काढून मूळ रंग दाखवतात. रॅपचा खरा फायदा मला यात दिसतो. खालचा रंग जपला जातो. मात्र तो कंपनीतला मूळ रंग हवा. गल्लीतल्या गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग कच्चा असला, तर फिल्म काढताना तोही सोबत येतो.

रंग हातात धरून पाहावा. साधारण गाडीला १.५२ मीटर रुंदीच्या रोलमधून १५ ते १८ मीटर फिल्म लागते. तेवढा खर्च करण्याआधी हातभर तुकडा मागून बोनेटच्या गोलाईवर चिकटवावा आणि सकाळच्या, दुपारच्या उन्हात, रात्री ट्यूबलाइटखाली बघावा. सपाट कार्डावर छान दिसणारा मेटॅलिक गोलाईवर मळकट वाटू शकतो. पूर्ण गाडीची फिल्म एकाच बॅचची घ्यावी, बॅच बदलली की छटा किंचित बदलते. मेटॅलिक आणि ब्रश्ड फिल्मला दिशा असते. एक दार आडवं, दुसरं उभं लावलं तर उन्हात दोन वेगळे रंग दिसतात. फिल्म जास्त ताणली की रंग फिका पडतो, हे बंपरच्या कोपऱ्यात आधी दिसतं. दुकान निवडताना त्यानं केलेल्या गाडीचा बंपर बघा. बंद, धूळरहित खोली आहे का, हेही विचारा. काम उरकताना वळणाच्या जागा हीट गननं पुन्हा तापवून फिल्म पक्की करायची असते. घाईतलं दुकान नेमकं तिथे चुकतं.

मला विचाराल तर आपल्या मातीला सॅटिनमधला वाळूचा किंवा राखाडी रंग सर्वांत मानवतो. धूळ त्याच्यात मिसळते, तो ऊन कमी पितो आणि दणकट दिसतो. महिंद्रानं २०२४ मध्ये थारची अर्थ एडिशन असाच वाळवंटी सॅटिन-मॅट रंग देऊन आणली. म्हणजे आता हा पोत कारखान्यातूनच येऊ लागलाय.

एका रंगापासून मात्र दूर राहा. थारला लष्करी हिरवा रंग लावायची हौस अनेकांना असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो, की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तसंच गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते बजावलं आहे. फिल्म निघते, रंग नाही, हा युक्तिवाद रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यासमोर चालेलच असं नाही. म्हणून नांदेडची वाट धरण्याआधी, एमएच ३८ ची, म्हणजे हिंगोलीची पाटी लावणाऱ्या प्रत्येकानं आरटीओ कार्यालयात जाऊन नव्या रंगाबद्दल विचारावं, नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं.