काटा दीड लाखावर. एसयूव्ही घ्यावी का?

किलोमीटर जास्त म्हणून गाडी बाद होत नाही. महामार्गावर सलग धावलेली डिझेल एसयूव्ही शहरातल्या कोंडीत घासलेल्या गाडीपेक्षा कमी झिजते. पण मीटर मागे फिरवता येतो. काटा साठ हजार दाखवतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर सर्व्हिसच्या जुन्या नोंदी काढायला लावाव्यात.

२०१२मध्ये भारतात आलेल्या रेनॉ डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल मागावं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी, ५ वर्षांचं नूतनीकरण, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास एनओसी आणि फॉर्म ३५ पाहूनच पैसे मोजावेत.