विश्लेषण : दिसते घर, पण होती पाण्याची टाकी! इंग्लंडमधील ‘ढगातल्या घरा’चे गुपित काय?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील थॉर्पनेस गावात झाडांच्या शेंड्यांवर एक घर तरंगताना दिसते. उतरते छप्पर, खिडक्या, धुराडे, सगळे काही आहे. प्रत्यक्षात ही गावाची पाण्याची टाकी होती. तिला घराचा वेष का चढवावा लागला?

टाकी का लपवली?

सफोक परगण्यातील हे मच्छिमारांचे गाव. ग्लेनकेर्न स्टुअर्ट ओगिल्वी या जमीनदाराने १९१० च्या सुमारास तेथे सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांकरिता टुमदार वसाहत उभारायला घेतली. पर्यटक वाढले तसे नळाचे पाणी हवे झाले. पण लोखंडी सांगाड्यावरची उघडी टाकी गावाची शोभा घालवणार होती. म्हणून १९२३ मध्ये टाकीला घराचे रूप दिले गेले. खालच्या मनोऱ्यात तर खरोखरच राहण्याच्या खोल्या होत्या.

पाणी वर कसे चढायचे?

शेजारच्या अल्ड्रिंगहॅम गावातील धान्य दळणारी पवनचक्की सुटी करून येथे आणली गेली. ती विहिरीचे पाणी उपसून टाकीत चढवत असे. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे नळाला प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १ किलो दाब मिळतो. आपल्या गावोगावच्या टाक्या याच तत्त्वावर चालतात.

किती पाणी मावायचे?

५० हजार गॅलन, म्हणजे सुमारे २ लाख २७ हजार लिटर. खाली राहणाऱ्यांच्या डोक्यावर सव्वादोनशे टनांहून अधिक भार! दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफेचा गोळा चुकून या टाकीवर आदळला. तिच्याच पत्र्यातून दुरुस्ती झाली, पण क्षमता ३० हजार गॅलनवर आली.

मग टाकीचे काय झाले?

पुढे गावात मुख्य जलवाहिनीचे पाणी आले आणि टाकीची गरज संपत गेली. अशा निकामी टाक्या बहुधा पाडल्या जातात. वापर नसलेल्या वास्तूच्या देखभालीवर खर्च कोण करणार? येथे मात्र खाली आधीपासून घर होते. १९७९ मध्ये मुख्य टाकी काढण्यात आली आणि त्या जागेत घर वाढवले गेले. १९९५ मध्ये वास्तूला वारसा संरक्षण मिळाले. आता तेथे पर्यटक भाड्याने राहतात.

शोभेसाठी चढवलेल्या वेषानेच ही वास्तू वाचवली. पाणी गेले, टाकी गेली. घर मात्र टिकले.