माहिती चौकट : बालाघाटात किरायाने राहताना

कायदा : मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961, तो लागू असलेल्या शहरी भागांपुरता. पलीकडच्या गोंदियात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999.

1961च्या कायद्यातले संरक्षण
- घर खाली करणे : कलम 12मध्ये दिलेल्या कारणांवरच. उदा. थकबाकी, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, मालकाची खरी गरज.
- थकबाकी : मागणीची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत भरावी.
- दावा लागल्यास : समन्स मिळाल्यापासून 1 महिन्यात थकीत किराया न्यायालयात किंवा मालकाकडे जमा; पुढे दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत.
- पावती : किराया दिल्याबरोबर लेखी पावती मागण्याचा हक्क.
- वीज-पाणी : योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही (कलम 38).

किरायानामा 11 महिन्यांचाच का? 1 वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची (नोंदणी अधिनियम, 1908). महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

आदर्श भाडेकरू कायदा, 2021 : केंद्राचा नमुना, राज्याने स्वीकारला तरच लागू. अनामत रकमेची मर्यादा घरासाठी 2 महिन्यांचे, दुकान-गाळ्यासाठी 6 महिन्यांचे भाडे.

जपून ठेवा : किरायानामा, पावत्या, अनामत रकमेची लेखी नोंद.