चिखलदरा
महाराष्ट्र राज्याच्या अमरावती जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व विदर्भातील प्रसिद्ध थंड हवेचे ठिकाण. लोकसंख्या ५,१५८ (२०११). हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील पठारावर, समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंचीवर, परतवाड्याच्या वायव्येस सु. ३० किमी. वर वसले आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत टाकले व ‘कीचकदरा’ यावरून चिखलदरा हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. जवळचा गाविलगड किल्ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला.

१८२३ मध्ये हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधल्याचे सांगतात. तथापि या डोंगरांत कोरकू व गवळी लोकांची वस्ती त्यापूर्वीपासूनच होती. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे बंगले बांधले. कॉफीची लागवडही त्याच काळातील असून, ती अद्याप टिकून आहे. भीमकुंड, देवी पॉइंट व गाविलगड ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत.

पावसाळ्यात येथे भरपूर पाऊस पडतो. परंतु तीव्र उतारांवरून पाणी वाहून जात असल्याने उन्हाळ्यात टंचाई जाणवते. तालुका मेळघाटात मोडतो व तेथे कोरकूंची संख्या मोठी आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील कुपोषण व बालमृत्यू यांकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. दुर्गम गावांतील आदिवासींना शासकीय कामांसाठी याच गावी यावे लागते. त्यामुळे पर्यटनस्थळ म्हणून ख्याती पावलेल्या या गावाचे तालुक्याचे ठिकाण म्हणून असलेले महत्त्वही तितकेच मोठे आहे.